पोचिंकीत उतरण्याआधी

विमान एरँगेल बेटावर येतं आणि नकाशाच्या साधारण मध्यावर असलेल्या पोचिंकी गावावर छत्र्या उघडू लागतात. घरं दाटीवाटीची, लूट भरपूर, म्हणून सगळ्यांना तिथेच उतरायचं असतं. नवखा खेळाडूही त्यांच्यात असतो. तो समोरच्या घरात शिरतो, हाती लागेल ते पिस्तूल उचलतो, आणि मागच्या दाराने आलेला कोणीतरी त्याला क्षणात आडवा करतो. शंभरांत नव्वदावा क्रमांक घेऊन लॉबीत परतल्यावर तो स्वतःचं निदानही करून टाकतो: आपला नेम वाईट आहे. मग सेन्सिटिव्हिटीचे आकडे बदलून बघणं सुरू होतं, जायरोस्कोप चालू-बंद होतो, दोन बोटांऐवजी चार बोटांनी खेळण्याची खटपट होते. चार दिवसांनी तोच खेळाडू त्याच गावात त्याच दारामागे तसाच मरतो. त्याचा नेम वाईट असेलही, नवख्याचा असायचाच. पण तो मेला तो नेमामुळे नाही. पबजी किंवा आपल्याकडच्या बीजीएमआयसारख्या खेळात माणूस किती टिकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: तो किती लढायांत पडला आणि त्या लढाया कोणाच्या सोयीने झाल्या. नेमाची पाळी त्यानंतर येते.

हे पटायला खेळ कुठून आला ते थोडं पाहावं लागतं. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीनने 2013 मध्ये 'आर्मा 2' या लष्करी खेळाच्या 'डेझी' या मॉडवर आपला स्वतःचा मॉड रचला. त्याला प्रेरणा होती 'बॅटल रॉयल' या 2000 सालच्या जपानी चित्रपटाची. एका बेटावर सोडलेली शाळकरी मुलं एकमेकांना संपवतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो, अशी ती कथा. पुढे दक्षिण कोरियाच्या ब्लूहोल कंपनीने ग्रीनला हाताशी धरून पबजी बनवला. तो मार्च 2017 मध्ये संगणकावर आला आणि 2018 मध्ये मोबाइलवर. भारतात 2 सप्टेंबर 2020 रोजी त्याच्यावर बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला. जुलै 2022 मध्ये तोही ॲप स्टोअरवरून गायब झाला, तो 2023 च्या मे महिन्यात पुन्हा दिसू लागला. या सगळ्या घडामोडींत मूळ नियम तोच राहिला. शंभर जण उतरतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत जातं आणि शेवटी जिवंत राहील तो किंवा तो संघ जिंकतो. सर्वांत जास्त माणसं मारणारा जिंकतो, असं त्यात कुठेही नाही.

आता साधा हिशेब मांडू. शंभर जणांच्या सामन्यात जास्तीत जास्त 99 जण मरतात, आणि त्यातले काही वर्तुळाबाहेरच्या निळ्या झोनमध्ये किंवा गाडी उलटून जातात. म्हणजे दर खेळाडूमागे बळींची सरासरी एकाहूनही कमी येते. ही काही कोणी पाहणी करून काढलेली संख्या नाही, नियमातूनच ती निघते. एकाने वीस मारले, तर इतर वीसजणांच्या खात्यात शून्यच राहणार. त्यामुळे 'आज एकही किल नाही' म्हणून हिरमुसणारा नवखा प्रत्यक्षात सरासरीच्या आसपासच असतो.

दुसरा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे. समजा, समोरासमोरच्या लढाईत तुमची जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. शेवटच्या वर्तुळापर्यंत पोहोचण्याआधी तुम्ही पाच लढाया केल्या, तर पाचही पार पडण्याची शक्यता बत्तीसात एक, म्हणजे जेमतेम 3 टक्के. तुमच्यापेक्षा बराच सरस खेळाडू घ्या, दहातल्या सात लढाया जिंकणारा. त्याला पाच लढाया पार करण्याची शक्यता 17 टक्के. आता पहिल्या, सामान्य नेमाच्या खेळाडूने पाचाऐवजी दोनच लढाया केल्या तर? 25 टक्के. म्हणजे कमी लढणारा सामान्य खेळाडू भरपूर लढणाऱ्या पट्टीच्या खेळाडूला मागे टाकतो. शिवाय हा हिशेब भांडखोर खेळाडूला झुकतं माप देणारा आहे. कारण यात प्रत्येक लढाई कोऱ्या पाटीने सुरू होते असं धरलंय. खरं तर दुसऱ्या लढाईत तो अर्ध्या जिवावर, फाटक्या जाकिटानिशी आणि कमी गोळ्यांनी उतरतो. पन्नासावरून सत्तरावर जायला महिने लागतात. पाचावरून दोनावर यायला सामना सुरू होतानाचा एक निर्णय बराचसा पुरतो: छत्री कुठे उघडायची. विमानाच्या रेषेपासून दूरचं चार घरांचं वस्तीवजा ठिकाण नवख्याला पोचिंकीपेक्षा भलं. आणि हवेत असतानाच मान फिरवून आजूबाजूला किती छत्र्या उतरतायत ते मोजणं, हे पहिलं पिस्तूल शोधण्याहून मोलाचं काम आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो यूट्यूबच्या आधाराने. तिथले सगळे नामवंत खेळाडू गर्दीत उतरतात, वीस-पंचवीस बळी घेतात आणि जिंकतातही, मग नवख्याने वेगळं का वागावं? या आक्षेपाला उत्तर द्यायला दुसऱ्या महायुद्धातल्या एका गणितज्ञाची मदत होते. अब्राहम वाल्ड 1943 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या सांख्यिकी गटात काम करत होता. परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांवरून विमानाचा कोणता भाग किती नाजूक आहे हे कसं काढायचं, हा प्रश्न त्याने हाताळला. त्याच्या विचाराचा गाभा असा की आपल्यासमोर आलेली विमानं ही फक्त वाचलेली विमानं आहेत. जी पडली त्यांच्या जखमा आपल्याला दिसतच नाहीत. व्हिडिओंचंही तसंच आहे. पोचिंकीत उतरून पहिल्या मिनिटात मेलेल्या सामन्याचा व्हिडिओ कोण टाकेल? पन्नासात साधलेला एक सामना वर चढतो, बाकीचे हटवले जातात. बघणाऱ्याला वाटतं, हीच रीत. त्यात आणखी एक फसवणूक मिसळते. खालच्या श्रेणीतल्या सामन्यांत बॉट, म्हणजे संगणकच चालवतो असे खेळाडू, मोठ्या संख्येने असतात, मोबाइलवर तर हे सर्वांना ठाऊक आहे. बॉट उघड्यावर सरळ उभा राहतो आणि धडपणे वाकतही नाही. अशा बॉटांवर मिळालेले पहिले आठ-दहा बळी नवख्याला चुकीचा धडा शिकवतात: दिसला की धाव आणि झोड. श्रेणी वाढून समोर खरी माणसं आली की तोच धडा त्याला रोज लवकर घरी पाठवतो.

नेमाच्या बाजूचा खरा भक्कम युक्तिवाद वेगळा आहे. लढाया कमी केल्या तरी ज्या होतील त्या नेमानेच जिंकाव्या लागतील ना? यासाठी एका लढाईचा काळ घड्याळ लावून पाहू. एम416 ही या खेळातली सर्वांची लाडकी रायफल. तिची एक गोळी 40 च्या आसपास नुकसान करते आणि दोन गोळ्यांमधलं अंतर 0.086 सेकंद असतं. समोरच्याच्या अंगात दुसऱ्या लेव्हलचं जाकीट असेल, तर नुकसान 40 टक्क्यांनी घटतं. म्हणजे शंभराचा जीव संपवायला छातीवर चार-पाच गोळ्या लागतात आणि त्या सगळ्या बसल्या तर काम सेकंदाच्या एक तृतीयांशात आटोपतं. अर्ध्या गोळ्या चुकल्या तरी सेकंद पुरा होत नाही. आता गोळी खाणाऱ्याच्या बाजूने पाहा. डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. गोळी कुठून आली हे समजणं, अंगठ्याने कॅमेरा तिकडे वळवणं, स्कोप उघडणं हे सगळं त्यानंतरचं. अर्धा सेकंद तर सहज जातो. ज्याला पाठीमागून किंवा बाजूने पहिली गोळी बसली, त्याचा नेम जगात सर्वांत उत्तम असला तरी तो वापरायची पाळीच बहुधा येत नाही. आणि दुसऱ्या बाजूला, ज्याने आधी पाहिलं त्याचा नेम बेताचा असला तरी त्याला वेळ मिळतो: श्वास घेऊन, बसून, क्रॉसहेअर छातीवर ठेवून मग गोळी झाडण्याचा. चांगला नेम म्हणून जो दिसतो, तो पुष्कळदा आधी पाहिल्यामुळे मिळालेला निवांतपणा असतो.

मग प्रश्न असा उरतो की आधी कोण पाहतं? इथे नवख्याच्या सगळ्या सवयी त्याच्या विरुद्ध जातात. तो मोकळ्या रानातून सरळ रेषेत पळतो. खेळातला माणूस सेकंदाला साधारण सहा मीटर धावतो. म्हणजे दोनशे मीटरचं शेत ओलांडायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं आणि तेवढा वेळ तो आजूबाजूच्या प्रत्येक टेकडीवरून दिसतो. तो टेकडीच्या माथ्यावरून चालतो, तिथे त्याची आकृती आभाळावर काळी उमटते. दूरवर कोणीतरी दिसला की लगेच गोळ्या झाडतो. त्या लागत नाहीत, पण आजूबाजूच्या सगळ्यांना त्याचा पत्ता कळतो. या तिसऱ्या चुकीबद्दल थोडं अधिक सांगितलं पाहिजे. या खेळात गोळीला प्रवासाला वेळ लागतो. एम416 ची गोळी सेकंदाला 880 मीटर वेगाने जाते, म्हणजे तीनशे मीटरवरच्या माणसापर्यंत पोहोचायला तिला सेकंदाचा तिसरा हिस्सा हवा, आणि वाटेत ती खालीही झुकते. तेवढ्यात धावणारा माणूस दोन मीटर पुढे गेलेला असतो. नवख्याने तिथे गोळी झाडणं म्हणजे स्वतःचं ठिकाण विकून बदल्यात काहीही न घेणं. गोळी न झाडता तो माणूस कुठे जातोय हे नुसतं बघत राहिलं, तरी दोन मिनिटांनी कामाला येईल अशी माहिती फुकटात पदरात पडते.

पळताना बघायचंही असतं, आणि बहुतेक नवखे ते करत नाहीत. मोबाइलवर पडद्याच्या कोपऱ्यात डोळ्याचं एक छोटं बटण असतं, संगणकावर ऑल्ट की असते. ते दाबून ठेवलं की पावलं सरळ जात राहतात आणि मान मात्र चहूकडे फिरते. एवढं एक बटण वापरण्याची सवय लागली, तर पाठीमागून मरण्याचे प्रसंग दिसण्याइतके कमी होतात. घरांच्या बाबतीत दारं बोलतात. सामना सुरू होताना दारं बंद असतात. ज्या घराचं दार उघडं, तिथे कोणीतरी आधी येऊन गेलंय किंवा अजून आत आहे. म्हणून स्वतः बाहेर पडताना दार लावून घ्यावं, म्हणजे पुढच्याला घर अस्पर्शित वाटतं. जमिनीवर गोळ्या पडल्यात पण रायफल नाही, बॅग उचलून नेलेली, एखाददुसरं पिस्तूल तेवढं टाकून दिलेलं, ही खोलीही काहीतरी सांगत असते.

कानाचं काम डोळ्याइतकंच. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे मेंदू ओळखतो ते दोन कानांवर तो पोहोचण्यातल्या अत्यंत सूक्ष्म फरकावरून. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांशाइतका असतो. फोनच्या एकाच स्पीकरमधून खेळणाऱ्याने हा फरक खेळ सुरू करण्याआधीच फेकून दिलेला असतो. साधे, स्वस्त, वायरचे इअरफोन महागड्या फोनपेक्षा जास्त जीव वाचवतात. वायरचे अशासाठी की ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. मोबाइलच्या छोट्या नकाशावर पावलांच्या आणि गोळ्यांच्या खुणा उमटतात हे खरं, पण त्यावर विसंबणाऱ्याची नजर ऐन वेळी नकाशावर असते आणि शत्रू दारात.

भिंतीच्या आडोशाबद्दल लोकांच्या डोक्यात एक ठाम गैरसमज असतो: आडोशाला जितकं चिकटून उभं राहावं तितकं सुरक्षित. कोपऱ्यावरची भूमिती उलटं सांगते. कोपऱ्याला चिकटून डोकावणाऱ्या माणसाचा खांदा डोळ्याच्या आधी बाहेर येतो, आणि तो कोपऱ्याच्या जितका जवळ, तितका तो खांदा मोठ्या कोनातून बाहेर दिसतो. त्याच कोपऱ्यापासून चार पावलं मागे उभा असलेला दुसरा माणूस त्याला आधी पाहतो. बहुतेक जण खेळतात त्या थर्ड पर्सन दृष्टिकोनात, म्हणजे कॅमेरा पाठीमागे आणि वर असलेल्या प्रकारात, हा खेळ आणखी तिरका होतो: भिंतीमागे बसलेला खेळाडू शरीर न दाखवता कॅमेऱ्याने पलीकडचं सगळं पाहू शकतो. येणाऱ्याला तो दिसतच नाही. म्हणून अशा खेळात ज्या घरात कोणी असल्याचा संशय आहे, त्या घरात जिन्याने वर चढत जाणं हा नवख्याचा सर्वांत वाईट निर्णय. त्या घराला वळसा घालून निघून जाण्यात काहीही कमीपणा नाही.

आणि 'मी भिंतीआड गेलो होतो तरी मेलो' ही तक्रार? ती खोटी नसते. तुमच्या पडद्यावरचं चित्र आणि मारणाऱ्याच्या पडद्यावरचं चित्र यांत नेटवर्कचा उशीर असतो. तो एक दशांश सेकंद धरला, तरी धावणारा माणूस तेवढ्यात साठ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे अख्ख्या शरीराच्या रुंदीइतका. तुम्ही भिंतीआड पोहोचला होता, पण त्याच्या पडद्यावर तुमची पाठ अजून बाहेर होती आणि गोळी त्याच पाठीला लागली. या प्रकारच्या खेळांत असंच होत राहणार. कंपनीला शिव्या घालण्यापेक्षा भिंत एक पाऊल आधी गाठणं सोपं. याच उशिरामुळे कोपऱ्यावरून अचानक बाहेर येणाऱ्याला, स्थिर उभ्या माणसापेक्षा किंचित आधी चित्र मिळतं. म्हणून एकाच खिडकीत मुक्काम ठोकून बसणंही फार काळ चालत नाही.

निळ्या झोनला नवखे शत्रू मानतात. त्याच्याकडे वेळापत्रक म्हणून पाहिलं तर तो उपकारक ठरतो. पुढचं पांढरं वर्तुळ आताच्या वर्तुळाच्या आतच पडतं, आणि ते नकाशावर आधी दिसतं. म्हणजे पुढच्या काही मिनिटांत उरलेले सगळे कोणत्या दिशेने सरकणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. वर्तुळाच्या मध्यावर जाऊन बसलं तर पुढे हलण्याची गरज कमी पडते, पण धोका चहूबाजूंनी येतो. कडेकडेने, निळ्या झोनला पाठ देऊन सरकलं, तर पाठीमागे फारसं कोणी उरत नाही आणि लक्ष ठेवायची दिशा अर्ध्यावर येते. नवख्याची नजर अजून कच्ची असते, म्हणून त्याला दुसरी पद्धत परवडते. तिचा तोटाही खरा आहे: वर्तुळ पलीकडच्या टोकाला सरकलं तर शेवटी मोकळं रान तुडवत जावं लागतं, आणि पुढचे लोक कडेवर वाटच बघत असतात. एरँगेलच्या दक्षिणेला लष्करी तळाचं वेगळं बेट आहे, ते मुख्य भूमीला पुलांनी जोडलेलं. त्या पुलांवर उशिरा निघालेल्या किती गाड्या अडवून मारल्या जातात, हे कोणत्याही जुन्या खेळाडूला विचारावं. उत्तर एकच, लवकर निघणं. लुटीचा मोह उशीर करवतो. एक बरी रायफल, दुसऱ्या लेव्हलचं जाकीट-हेल्मेट, शंभर-दीडशे गोळ्या, तीन-चार फर्स्ट एड आणि दोन स्मोक झाले की नवख्याची खरेदी संपली. आठपट स्कोपसाठी आणखी चार घरं धुंडाळणाऱ्याला तो स्कोप वापरायला मिळत नाही.

चौघांच्या संघात टिकण्याचं गणित आणखी कठोर होतं. ते मांडलं इंग्लिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टरने, 1916 च्या हवाई युद्धावरच्या पुस्तकात. प्रत्येक जण प्रत्येकावर गोळी झाडू शकत असेल, तर संघाची ताकद माणसांच्या संख्येप्रमाणे नाही, तर संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. चार विरुद्ध दोन म्हणजे दुप्पट ताकद नव्हे, सोळा विरुद्ध चार, म्हणजे चौपट. आता दोन सारख्या कौशल्याचे संघ घ्या. एक संघ एकत्र उभा आहे. दुसरा विखुरलेला असून त्यातला एकेक जण धावून येतो. समोरच्या सोळातून दर वेळी एकच वजा होतो. चारही जण येऊन संपले तरी समोर बारा उरतात आणि बाराचं वर्गमूळ जवळजवळ साडेतीन. म्हणजे चौघांच्या बदल्यात समोरचा एक जणही पुरता पडत नाही. लँचेस्टरचं सूत्र मोठ्या सैन्यांसाठी आहे, चार माणसांच्या चकमकीत नशिबाचा वाटा मोठा, हे कबूल. पण दिशा तीच राहते. संघातला एक 'नॉक' झाला, म्हणजे जखमी होऊन पडला, की दुसरा त्याला उचलायला तसाच उघड्यावर धावतो, मग तिसरा, हे दृश्य रोजचं आहे. उचलायला दहा-एक सेकंद लागतात. तेवढ्यात दोघांना संपवणारा गोळीबार कित्येकदा होऊन जातो. आधी ज्याने पाडलं त्याच्या नजरेआड व्हायचं, म्हणजे स्मोक टाकायचा, मग उचलायचं. स्मोक नसेल तर पडलेल्याने स्वतः सरपटत भिंतीआड यावं. आणि तेही जमत नसेल तर त्याला सोडून द्यावं. हे दोस्तीत कडू वाटतं, पण दोन मेल्यापेक्षा एक मेला बरा.

लढाई जिंकल्यावरही धोका संपत नाही, उलट तिथेच वाढतो. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण या खेळाइतकी इतरत्र क्वचितच खरी ठरत असेल. गोळीबाराचा आवाज शेकडो मीटर जातो. ऐकणाऱ्या संघाला कळतं की तिथे आता एक संघ मेलाय आणि दुसरा जखमी आहे. विजयी नवखा मात्र पडलेल्यांच्या पेट्यांवर वाकून बसलेला असतो. एक फर्स्ट एड लावायला सहा सेकंद जातात आणि जीव 75 पर्यंतच भरतो. त्यामुळे आधी आडोसा, मग औषध, मग गोळ्या भरणं आणि सर्वांत शेवटी पेटी, हा क्रम पाळणाराच ती लूट पुढे नेतो. उलट बाजूने पाहिलं तर नवख्यासाठी सर्वांत स्वस्त बळी इथेच मिळतात: दुसऱ्यांची लढाई संपत आली असताना तिसरं होऊन पोहोचणं.

'हे सगळं लपूनछपून खेळणं झालं, मर्दासारखं लढा की' असं म्हणणारा संघात एक तरी असतो. गनिमी काव्याच्या महाराष्ट्रात हे म्हटलं जावं याचं थोडं नवल वाटतं. पण आक्षेपात एक गंभीर भाग आहे. न्हाणीघरात झोपून राहून दहावा क्रमांक मिळवणारा खरोखर काही शिकत नाही, आणि शेवटच्या वर्तुळात त्याचा निभाव लागत नाही. तो नुसता टिकतो, माहिती गोळा करत नाही. लढाई निवडणं आणि लढाई टाळतच राहणं यांत हाच फरक आहे. निवडणाऱ्याला ठाऊक असतं की समोर किती जण आहेत, ते कुठे बघतायत, आपल्यामागे भिंत आहे का आणि हुकलं तर पळायला वाट आहे का. या चारांतल्या तीन प्रश्नांची उत्तरं अनुकूल असतील तेव्हा त्याने बिनदिक्कत गोळी झाडावी. गवतात पालथं पडून राहणाऱ्यांना तर तांत्रिक कारणानेही सावध करायला हवं: दूरवरचं गवत खेळ रेखाटतच नाही. तुम्हाला स्वतःभोवती हिरवा पडदा दिसतो. तीनशे मीटरवरच्या स्कोपमध्ये तुम्ही बोडक्या जमिनीवर आडवे पडलेले असता.

दुसरे काही जण म्हणतात, गर्दीत उतरूनच हात साफ होतो. सरावाची गरज मान्य, पण जागा चुकीची. सामना जमणं, विमान, छत्री, धावाधाव यांत तीन-चार मिनिटं जातात आणि प्रत्यक्ष लढाई मिळते वीस सेकंदांची. त्यापेक्षा टीम डेथमॅच बरा: चार विरुद्ध चार, मेलात की लगेच पुन्हा उभे, चाळीस बळी आधी पुरे करेल तो संघ जिंकतो. दहा मिनिटांत तिथे जेवढ्या गोळ्या झाडून होतात तेवढ्या पोचिंकीच्या संध्याकाळभरात होत नाहीत. भारतीय आवृत्तीत अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. मर्यादित वेळ असणाऱ्याला तर ही विभागणी अधिकच सोयीची. नेम डेथमॅचमध्ये घडवावा आणि मुख्य सामन्यात नजर.

मेल्यावर लगेच 'पुन्हा खेळा' दाबण्याआधी ज्याने मारलं त्याच्या बाजूने दिसणारं चित्रण पाहता येतं. बहुतेक जण ते टाळतात, कारण ते बघणं अपमानास्पद वाटतं. पण तिथे एक गोष्ट मोजता येते: पहिली गोळी झाडण्याआधी तो तुम्हाला किती वेळ बघत होता. बऱ्याचदा तो दहा-पंधरा सेकंद तुमच्या मागोमाग क्रॉसहेअर फिरवत असतो आणि तुम्ही तेव्हा एका जिन्याखाली पडलेल्या बॅगेकडे धावत असता. त्या पंधरा सेकंदांत त्याला तुम्ही नेमके कशामुळे दिसलात, हे शोधून पुढच्या सामन्यात तेवढीच एक गोष्ट बदलून बघायची. आणि क्रमांक नव्वदावरून साठावर आला, तर छत्री उघडायची जागा मात्र अजून काही दिवस तीच ठेवायची.